ट्रॅक्टरचं म्युझियम

महाराष्ट्रात जुनी वाहनं जपून ठेवलेली बघायची असतील तर कुठे जायचं? रणगाडे बघायचे असतील तर नगरला (म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर). तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ सालचं. रोल्स रॉइसच्या सांगाड्यावर उभारलेल्या चिलखती गाडीपासून १९६५ च्या युद्धातल्या पॅटनपर्यंत सगळं तिथे आहे. रेल्वेची इंजिनं बघायची असतील तर नागपूरला मोतीबागेत जायचं. मोटारी बघायच्या असतील तर मुंबईत किंवा पुण्यात एखाद्या रविवारी व्हिंटेज कार रॅली निघते, रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, पैसे पडत नाहीत.

आणि ट्रॅक्टर बघायचे असतील तर?

गेल्या लाँग वीकेंडला मी गोंदियाला चाललो होतो. पुण्याहून नागपूरपर्यंत रात्रभराची गाडी, पुढची गाडी दुपारी. मधले चार-पाच तास काढायचे म्हणून मोतीबागेत गेलो. नॅरोगेज रेल म्युझियम. १४ डिसेंबर २००२ ला सुरू झालेलं, आटोपशीर, झाडीतलं. गोंदियाच्या माणसाला तिथे जरा घरच्यासारखं वाटतं, कारण अडीच फुटी रुळांची ही सगळी दुनिया आमच्याकडचीच. बंगाल नागपूर रेल्वेने १९०३ मध्ये गोंदियाहून नैनपूरकडे ही लाईन टाकली, १९०५ पर्यंत ती जबलपूरला पोचली. दुसरी बाजू नागभीडवरून चांदा फोर्टला गेली. सातपुड्यात आणि झाडीपट्टीत मिळून हजारेक किलोमीटरचं जाळं होतं. गोंदिया ते चांदा फोर्ट नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झालं, नैनपूर-जबलपूरची छोटी गाडी २०१५ ला थांबली आणि नागपूर-नागभीडची २०१९ ला. आता ते इंजिन पाहायचं तर मोतीबागेत.

तिथे एका डब्याच्या पायरीवर बसून एक विचार आला आणि तो डोक्यातून जाईना. ही इंजिनं वाचली कशी? ती फार सुंदर होती म्हणून नव्हे. ती एकाच मालकाची होती, म्हणून. रेल्वेकडे प्रत्येक इंजिनाला नंबर असतो, रजिस्टर असतं, कुठल्या शेडला कधी दुरुस्ती झाली याची नोंद असते. इंजिन निकामी झालं तरी ते उभं करायला यार्डात जागा असते, आणि कुणा एखाद्या हौशी साहेबाच्या मनात आलं की रंग लावून चौथऱ्यावर चढवता येतं. लष्कराचंही तसंच. महाराजांच्या मोटारींना रजिस्टर नसेल, पण गॅरेज होतं आणि पैसा होता.

ट्रॅक्टरला यातलं काहीच नाही. त्याचा मालक शेतकरी. तो दहा वर्षं वापरतो, मग दुसऱ्याला विकतो, दुसरा तिसऱ्याला. पुढे इंजिन पाण्याच्या पंपाला किंवा पिठाच्या चक्कीला जोडलं जातं, मागचा ॲक्सल ट्रॉलीखाली जातो, गिअरबॉक्सचे दात एखाद्या मिस्त्रीच्या डब्यात पडून राहतात आणि उरलेलं भंगारवाला किलोवर नेतो. ट्रॅक्टर मरत नाही, तो वाटला जातो. म्हणूनच त्याचं म्युझियम होत नाही.

गंमत अशी की नगरच्या त्या रणगाड्यांचा बाप ट्रॅक्टरच. कॅलिफोर्नियातल्या बेंजामिन होल्टने भुसभुशीत जमिनीत चाकं रुततात म्हणून साखळीपट्ट्यांवर चालणारे ट्रॅक्टर बनवले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी ते तोफा ओढायला वापरले, आणि त्यावरून कुणाकुणाच्या डोक्यात आलं की यावर पोलादी खोकं ठेवलं तर? सप्टेंबर १९१६ मध्ये सोमच्या लढाईत पहिले रणगाडे उतरले. मुलाला म्युझियम आहे, बापाला नाही. असो.

तर मी त्या दिवसापासून मनातल्या मनात गोंदियात ट्रॅक्टरचं म्युझियम बांधतो आहे. गोंदियातच का? पंजाबात का नाही? कारण गव्हाच्या सपाट कोरड्या रानात ट्रॅक्टर चालवणं यात फारसं नवल नाही. तो त्यासाठीच जन्माला आला होता. धानाच्या बांधीत त्याला उतरवणं ही वेगळी गोष्ट.

ज्यांनी आमचा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. तलावांचा मुलुख. मालगुजारी तलाव, बोड्या, आणि त्यांच्या खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा घातलेला जमिनीचा तुकडा, कधी कधी तर एका अंगणाएवढा. पावसाळ्यात त्यात पाणी साठवतात, मग चिखलणी करतात. चिखलणी म्हणजे नुसतं नांगरणं नव्हे. ओल्या मातीचे कण इतके मोडायचे की खाली एक घट्ट थर बसला पाहिजे, म्हणजे पाणी झिरपून जात नाही, आणि तण चिखलात गाडलं जातं. मग त्या लोण्यासारख्या चिखलात बायका परे रोवतात. रोवणी.

म्हणजे बाकीची शेती जमीन भुसभुशीत करायला धडपडते आणि धानाची शेती मुद्दाम जमिनीचा पोत मोडते. हे काम शेकडो वर्षं बैलांनी आणि हल्यांनी केलं. (हल्या म्हणजे रेडा. पुण्यात हा शब्द वापरला तर लोक तोंडाकडे बघतात.) चिखलात हल्या बैलापेक्षा बरा, त्याला पाण्यात राहायला आवडतं. पण हल्या असो की बैल, त्यांचा पाय चिखलातून सुटतो. दोन टनांच्या यंत्राचं चाक सुटत नाही, ते फिरत फिरत स्वतःची कबर खणतं.

आता ट्रॅक्टर इथवर आला कसा ते बघू. स्वातंत्र्याच्या वेळी दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन सैन्याचे ट्रॅक्टर आणि बुलडोझर भारतात पडून होते. सरकारने ते गोळा करून सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी केली. काम काय, तर मध्य भारतातलं कांस गवत काढणं. कांस दिसायला देखणं, शरदात पांढरे तुरे वगैरे, पण त्याच्या मुळ्या इतक्या खोल आणि चिवट की बैलाच्या नांगराला दाद देत नाहीत. हजारो एकर काळी जमीन त्यापायी पडीक होती. १९४९ साली जागतिक बँकेने या कामाच्या अवजड ट्रॅक्टरांसाठी भारताला १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. बँकेने भारताला दिलेलं हे दुसरंच कर्ज. पहिलं रेल्वेसाठी होतं. (म्हणजे इंजिन आणि ट्रॅक्टर तिथेही पाठोपाठ.) त्या वेळी गोंदिया मध्य प्रदेशात होतं आणि त्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर. पण हे ट्रॅक्टर गेले वर उत्तरेला, गव्हाच्या काळ्या मातीत. आमच्या बांध्यांत त्यांना कुणी बोलावलं नाही, बोलावलं असतं तरी ते मावले नसते.

माझ्या म्युझियमच्या पहिल्या खोलीत म्हणून ट्रॅक्टर नसेलच. तिथे लाकडी नांगर असेल, वखर असेल, चिखल सपाट करायची फळी असेल, आणि शेजारी लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर. किर्लोस्करांनी तो १९०३ मध्ये बेळगावला बनवला आणि लोकांना वाटायचं लोखंडाने जमीन विषारी होईल. १९०३! त्याच साली गोंदियाहून नैनपूरकडे छोटी गाडी निघाली. एकीकडे वाफेचं इंजिन आणि दुसरीकडे लोखंडी फाळाला भिणारा शेतकरी, एकाच साली. त्याला हसायचं कारण नाही. जमीन ही त्याची एकमेव चालती गोष्ट होती. चालू प्रॉडक्शन सर्व्हरवर कुणी नवं काही टाकायला सांगितलं तर आपण काय करतो?

दुसरी खोली परदेशी पाहुण्यांची. १९६१-६२ साली अख्ख्या भारतात ८८० ट्रॅक्टर तयार झाले. (आता देशात वर्षाला नऊ लाखांच्या वर विकले जातात.) आयशरने १९५९ ला जर्मन कंपनीच्या मदतीने फरीदाबादला पहिला देशी ट्रॅक्टर जोडला. मद्रासला टॅफे निघाली, मॅसी फर्ग्युसनच्या जोडीने. मुंबईत महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टासबरोबर १९६३ ला कंपनी काढून बी-२७५ बनवायला घेतला. पण मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पुढे. मग सरकारने बाहेरून मागवले, आणि डॉलर नव्हते म्हणून रुपयांत व्यवहार करणाऱ्या देशांतून मागवले. रशियाचे, पोलंडचे उर्सुस, चेकोस्लोव्हाकियाचे झेटर. शीतयुद्धाचा इतिहास बर्लिनमध्ये लिहिला गेला असं पुस्तकं म्हणतात. तो थोडा आपल्या खळ्यावरही लिहिला गेला.

झेटर २५११ हा माझा आवडता. पंचवीस हॉर्सपॉवर, साधा, दणकट. १९७१ मध्ये एचएमटीने हाच ट्रॅक्टर हरियाणातल्या पिंजोरला बनवायला सुरुवात केली. पुढे त्यात आपल्या गरजेप्रमाणे बदल होत गेले आणि लोक तो एचएमटी म्हणूनच ओळखायला लागले. ओपन सोर्सवाले ज्याला फोर्क म्हणतात तेच. मूळ झेटर कंपनी तिकडे आपल्या वाटेने गेली, इकडची फांदी इकडे वाढली. आणि २०१६ मध्ये एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचं ठरलं. म्हणजे फांदी वाळली, पण तिचे ट्रॅक्टर अजून चालताहेत, सुटे भाग लोक एकमेकांच्या मेलेल्या ट्रॅक्टरांतून काढतात.

याच वेळी दुर्गापूरच्या सरकारी प्रयोगशाळेत, सीएमईआरआयमध्ये, मनमोहन सुरी यांच्या नेतृत्वाखाली काही इंजिनिअर कोऱ्या कागदावरून भारतीय ट्रॅक्टर काढत होते. कुणाचं लायसन्स नाही, कुणाची ड्रॉइंग नाहीत. सरकारी एचएमटी झेटरच्या वाटेने गेली, आणि हा देशी ट्रॅक्टर पंजाब सरकारने उचलला. चंद्रमोहन यांनी पंजाब ट्रॅक्टर्स उभी करून १९७४ ला तो बाजारात आणला. नाव स्वराज. आज तो कुठेही दिसतो, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही. उपग्रह सोडला की पेपरात फोटो येतो, आणि स्वतःच्या डोक्याने ट्रॅक्टर बनवला तर त्याला शेण लागतं. माझ्या म्युझियममध्ये स्वराज ७२४ ला चौथरा मिळेल.

इथे थोडं तांत्रिक. (कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा.) ट्रॅक्टर म्हणजे इंजिन लावलेला बैल अशी आपली समजूत असते, पण खरी करामत इंजिनात नाही, मागच्या तीन दांड्यांत आहे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची ही कल्पना. आधीच्या ट्रॅक्टरला नांगर बैलगाडीसारखा मागे जोडलेला असायचा. नांगर दगडाला किंवा मुळीला अडला की मागची चाकं फिरतच राहायची आणि ट्रॅक्टरचं नाक वर उचललं जायचं. कधी कधी पूर्ण उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर. फर्ग्युसनने नांगर तीन ठिकाणी जखडला आणि त्याला हायड्रॉलिक उचल दिली. आता नांगराला जितका विरोध होईल तितका भार मागच्या चाकांवर येतो, पकड वाढते, आणि वरची दांडी ट्रॅक्टरला उलटण्यापासून रोखते. म्हणजे हलका ट्रॅक्टर जड ट्रॅक्टरचं काम करतो. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसननंतर जगातल्या जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरने हेच उचललं.

पण चिखल हा दगड नव्हे. चिखलात चाक रुतलं आणि चालवणाऱ्याने घाईने क्लच सोडला, तर चाक फिरत नाही म्हणून सगळा ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरू बघतो आणि पुढचं तोंड उठतं. धानाच्या मुलखात प्रत्येक गावाला अशी एखादी गोष्ट माहीत असते आणि ती सांगताना लोक आवाज खाली आणतात. म्युझियमात हेही पाहिजे. रंगवलेल्या बॉनेटच्या शेजारी ट्रॅक्टर कसा उलटतो त्याचं एक चित्र, सरळ आणि स्पष्ट.

यावर उपाय आला तो केजव्हीलचा. आमच्याकडे पावसाळ्यात स्टेशनमधून बाहेर पडून कुठल्याही गावाकडे निघालात तर दिसतील: लोखंडी पट्ट्यांची पिंजऱ्यासारखी मोठाली चाकं. टायरऐवजी किंवा टायरच्या बाजूला जोडायची. रुंदी वाढल्यामुळे ट्रॅक्टर बुडत नाही आणि पट्ट्या चिखलाला कापत जातात, म्हणजे चालता चालताच चिखलणी होते. नांगराची गरजच कमी. हे चाक डांबरी रस्त्यावर आणायला मनाई, कारण ते डांबर उकरतं. मग बांधीच्या कडेला ट्रॅक्टर थांबवून चाकं बदलायची, भर पावसात, दोघंतिघं मिळून. बहुतेक वेळा ही चाकं कंपनीची नसतात, तालुक्याच्या गावातल्या वेल्डरने बनवलेली असतात. त्याने कोणाचं तरी बघितलं, पट्टीचा कोन थोडा बदलला, पुढच्याने आणखी. कागदावर कुठे काही नाही. मला विचाराल तर झाडीपट्टीतल्या शेतीला फरीदाबाद किंवा पिंजोरइतकाच या वेल्डरांचा हातभार आहे.

आमगाव तालुक्यात आमच्या मामांच्या गावी एक जुना झेटर कडुनिंबाखाली उभा आहे. पुढची चाकं नाहीत, हेडलाइटच्या खोबणीत चिमणीचं घरटं. त्याच्या मालकाला, ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, मी विचारलं, काका, बैल विकून हा का घेतला? ते म्हणाले, "बैल उभा राहिला तरी खाते बाबू. हा उभा राहिला त काईच मांगत नाई." आणि थोडं थांबून, "पण हा शेणबी देत नाई ना."

दोन वाक्यांत सगळं अर्थशास्त्र. धानाच्या शेतीत बैलाचं काम वर्षातून काही आठवडे, आणि चारा बारा महिने. नोकरी गेलेला चराऊ माणूस, कमी झालेलं गायरान, बाहेर शिकायला गेलेली मुलं, हे सगळं जमेस धरलं तर बैलजोडी ठेवणं परवडेना. ट्रॅक्टर तर विकतही घ्यावा लागत नाही, तासाच्या भाड्याने मिळतो. वर्ध्याला मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पा गायीबैलांच्या बाजूने लिहीत होते, ते शेणाचा, चामड्याचा, तेलघाणीचा असा पूर्ण हिशेब मांडत होते. त्यांचा हिशेब चुकीचा होता असं मला वाटत नाही. फक्त तो अख्ख्या गावाचा हिशेब होता, आणि ट्रॅक्टरचा हप्ता मात्र एकेका घराने भरायचा असतो.

बैल गेले तसं त्यांच्याबरोबर पुष्कळ गेलं. बांध्यांचे धुरे मोडून तुकडे मोठे झाले, कारण ट्रॅक्टरला वळायला जागा लागते. सुताराचं काम गेलं. पाहुण्यांना आणायला जाणारी रेंगी गेली. शंकरपटावर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, २०२१ मध्ये शर्यतींना परत परवानगी मिळाली, पण पटाचे बैल वेगळे आणि शेतीचे वेगळे. पोळ्याला बैल भाड्याने आणतात की काय असं होईल, असं मामा गमतीने म्हणतात. कुणी फारसं हसत नाही.

इंग्लंडमध्ये रेडिंग विद्यापीठाने ग्रामीण जीवनाचं म्युझियम १९५१ साली काढलं. साल महत्त्वाचं आहे. तेव्हा तिथे घोडे जाऊन ट्रॅक्टर येणं चालूच होतं. शेतकरी घोड्याचे नांगर, गाड्या फेकून देत होते तेव्हाच ते गोळा केले गेले, आणि वापरणारी माणसं जिवंत असल्यामुळे वापर कसा करायचा तेही टिपून ठेवता आलं. आपल्याकडे वर्ध्याचं मगन संग्रहालय तर १९३८ चं, गांधीजींच्या हस्ते उघडलेलं, म्हणजे रेडिंगच्या आधीचं. पण तिथे जपलं गेलं ते ग्रामोद्योगाचं. ट्रॅक्टर हा त्या घरचा पाहुणा नव्हे, ते साहजिकच आहे.

गोंदियात ती वेळ आज आहे. पहिला ट्रॅक्टर ज्यांनी बांधीत उतरवला ती माणसं सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. हल्यांना चिखलात हाकणारे अजून सापडतात. जागेसाठी फार शोधायला नको, भातगिरण्यांचं शहर आहे, बंद पडलेल्या गिरणीचं एखादं गोदाम पुरे. नागपूरजवळ हिंगण्याला महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे, तिथल्या निवृत्त कामगारांना खोललेला बी-२७५ परत जोडायचा म्हटलं तर त्यांच्या अंगात येईल.

एक सरकारी अडचण मात्र आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून वाहनाची नोंदणी करायची असेल तर ते पन्नास वर्षांहून जुनं पाहिजे आणि मूळ स्वरूपात पाहिजे, मोठे फेरफार चालत नाहीत. महाराजांची मोटार या नियमात अलगद बसते. पण कडुनिंबाखालच्या त्या झेटरचा स्टार्टर दुसऱ्याच ट्रॅक्टरचा आहे, सीट बसायच्या खुर्चीची कापून लावलेली, सायलेन्सर बोअरवेलच्या पाइपचा, आणि हायड्रॉलिकचा लिव्हर तुटला तेव्हा काकांनी त्या जागी बाभळीचा दांडा बसवला, तो तेवीस वर्षं टिकला. दांडा अजून आहे. हाताने घासून घासून काळाभोर आणि गुळगुळीत झालाय. काका म्हणाले न्यायचा तर ट्रॅक्टर घेऊन जा, दांडा काढू नको.